मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या मराठी मंडळींना, ओबीपीच्या गणनेसाठी खुले पत्र

वेरिबी, पॉइंट कुक, टारनीट, ट्रुगनिना, विंडम व्हेल आणि थेट जिलाँगपर्यंत पसरलेल्या सर्व मराठी कुटुंबांना, आणि विशेष करून मंडळांच्या कार्यकारिणींना,

सप्रेम नमस्कार.

फ्रीवेने जिलाँगकडे निघालं की वेरिबी सोडल्यावर डाव्या हाताला समुद्रापर्यंत सपाट, जवळजवळ झाडं नसलेला मुलूख लागतो. तिथे मेलबर्नच्या सांडपाण्याचं शुद्धीकरण होतं हे आपल्याला माहीत असतं, म्हणून काचा वर करून आपण पुढे जातो. त्याच पट्ट्याच्या किनाऱ्याला एप्रिल ते ऑक्टोबर या काळात जगातल्या सर्वांत दुर्मिळ पोपटांपैकी एक राहायला येतो. त्याचं नाव ऑरेंज-बेलीड पॅरट. इथले पक्षीनिरीक्षक, प्राणिसंग्रहालयं, सरकारी खाती, सगळे त्याला ‘ओबीपी’ म्हणतात. आपणही तेच म्हणू.

देणगी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. हवेत ते डोळे, कान आणि वर्षातले तीन शनिवार-रविवार. त्याखेरीज घरातल्या मांजराबद्दल, पिंजऱ्यातल्या पोपटाबद्दल आणि अंगणातल्या पाण्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

आधी पक्षी समजून घेऊ. पोपट म्हटलं की वर्षभर त्याच आंब्यावर किंवा त्याच ढोलीत दिसणारा पक्षी आपल्या डोळ्यांपुढे येतो. नेमाने समुद्र ओलांडून ये-जा करणारे पोपट जगात बोटांवर मोजण्याइतके, आणि ओबीपी त्यांतला एक. लांबी विसेक सेंटिमीटर, वजन साधारण ४५ ग्रॅम, म्हणजे मध्यम लिंबाएवढं. एवढा जीव दर शरद ऋतूत (इथे तो मार्च-एप्रिलच्या सुमारास असतो) टास्मानियाच्या नैर्ऋत्य टोकावरून निघतो, पश्चिम किनाऱ्याने वर सरकतो, किंग आयलंडवर थांबतो, बास सामुद्रधुनी पार करतो आणि व्हिक्टोरिया व साउथ ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उतरतो. वसंतात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, परत. मोठे पक्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुढे जातात, त्या वर्षीची पिल्लं मागाहून निघतात. वाट दाखवायला आईबाप सोबत नसतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आज त्याची वीण जगात एकाच ठिकाणी होते: टास्मानियाच्या साउथवेस्ट नॅशनल पार्कमधलं मेलालूका. तिथे रस्ता जात नाही. होबार्टहून छोट्या विमानाने जायचं, बोटीने जायचं, नाहीतर कित्येक दिवस पायी. तिथलं काम मात्र चोख चालतं. स्मिथटन पेपरमिंट या निलगिरीच्या ढोल्यांच्या जोडीला लाकडी घरटी-पेट्या टांगलेल्या आहेत आणि आता बहुतेक जोड्या पेट्यांतच अंडी घालतात. ट्री मार्टिन नावाची भिंगरी त्याच पेट्यांवर हक्क सांगायला येते, त्यामुळे पेट्या वारंवार तपासाव्या लागतात. अंडी साधारण चार-पाच, उबवण तीन आठवडे, पिल्लू पाच आठवड्यांच्या आसपास बाहेर. प्रत्येक पिल्लाच्या पायात कडी घातली जाते. खाद्याच्या थाळ्या ठेवतात आणि त्या घासूनपुसून स्वच्छ ठेवतात, कारण चोच आणि पिसं सडवणारा विषाणूजन्य रोग २०१५ मध्ये थेट रानातल्या पिल्लांत शिरला होता. बटनग्रासची माळरानं पार्कचे लोक ठरवून, थोडी थोडी जाळतात. जाळल्यावर काही वर्षांनी तिथे ज्या बारीक वनस्पती बीज धरतात त्यांवर हे पोपट उन्हाळा काढतात. गवत दाट आणि जुनं झालं की बी मिळेनासं होतं. तिथले मूळ रहिवासी हेच जाळणं पिढ्यान्‌पिढ्या करत होते. त्यांना तिथून हलवलं गेलं आणि माळ माजले.

पिंजऱ्यातली पैदास १९८६ पासून चालू आहे. टास्मानिया, हील्सव्हिल, अ‍ॅडलेड आणि इतर काही केंद्रांत मिळून शेकडो पक्षी आहेत. त्यांतले काही दर वसंतात मेलालूकाला सोडतात, कारण रानात नर उरतात आणि माद्या कमी पडतात. काही पिल्लं उन्हाळ्याच्या शेवटी सोडतात, तर कधी पिंजऱ्यातली पिल्लं रानातल्या घरट्यात दत्तक ठेवतात. २०१६ च्या वसंतात मेलालूकाला परतलेले पक्षी वीसही नव्हते आणि त्यांत माद्या अगदी मोजक्या. २०२० च्या वसंतात ५१ परतले. त्या हंगामात पिल्लं आणि सोडलेले पक्षी मिळून २०२१ च्या शरदात १९२ पोपट उत्तरेला निघाले.

आणि त्याच वर्षीच्या वसंतात सुमारे ७० परत आले.

जवळजवळ दोन तृतीयांश पक्षी मधल्या सहा-सात महिन्यांत गळाले. काही वाटेत, काही समुद्रावर, काही इकडे. जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहणाऱ्या संशोधकांनी दाखवलंय की पहिलं वर्ष पार पाडणाऱ्या पिल्लांचं प्रमाण १९९५ च्या सुमारास निम्म्याच्या आसपास होतं, ते २०१७ पर्यंत पाचांत एकावर आलं. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे डेयान स्टोयानोव्हिच आणि सहकाऱ्यांच्या कामातून आणखी एक अडचण पुढे आली: पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटांच्या पंखांची ठेवण बदलते, उड्डाणाच्या पिसांची लांबी जशी असायला हवी तशी राहत नाही, आणि असे पंख घेऊन निघालेली पिल्लं पहिल्या प्रवासात जास्त मरतात. म्हणजे मेलालूकाला कितीही पेट्या टांगल्या आणि पिंजऱ्यात कितीही अंडी उबवली, तरी उरलेल्या अर्ध्या वर्षाचा हिशेब लागल्याशिवाय ही घागर भरत नाही. तो अर्धा हिशेब आपल्या बाजूला आहे.

आता इकडचा मुलूख. वेरिबीचं वेस्टर्न ट्रीटमेंट प्लँट १८९७ पासून चालतंय, विस्तार सुमारे साडेदहा हजार हेक्टर, आणि शहराचं जवळपास निम्मं सांडपाणी आजही तिथेच जातं. त्याच्या तळ्यांवर आणि किनाऱ्यावर सुमारे तीनशे जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. हा सगळा पश्चिम किनारा आणि बेलरीन द्वीपकल्प १९८२ पासून रामसार क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आपल्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये मिळाला तोच दर्जा. ओबीपीला मात्र तळ्यांशी देणंघेणं नाही. त्याला हवा सॉल्टमार्श. कोकणातलं खाजण डोळ्यांपुढे आणा, पण झाडांऐवजी घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या मांसल, खारट वनस्पती. मणी ओवल्यासारख्या कांड्यांची ग्लासवर्ट, शरदात लालसर होणारी. तिची झुडपी बहीण, जी कमरेच्या वर जाते आणि जिच्यात पोपट रात्री दडतात. आणि सीब्लाइट, म्हणजे सुएडा. कोकणात खाडीकाठच्या बाजारात मिळणारी मोरसाची भाजी याच सुएडाच्या एका जातीची. म्हणूनच एक विनंती इथेच करून टाकतो: ओळखीची वनस्पती दिसली म्हणून पिशवी भरू नका. सार्वजनिक जमिनीवरच्या देशी वनस्पती परवान्याशिवाय तोडणं इथे गुन्हा आहे, आणि ही बीजं म्हणजे या पोपटाचं हिवाळ्यातलं जेवण आहे. चवीसाठी मोरस हवीच असेल तर कुंडीत लावा.

खाताना त्याला पाहणं म्हणजे सबुरीचं काम. ग्लासवर्टच्या गालिच्यात तो अर्धा बुडालेला असतो. एका पायाने कांडी दाबून धरतो, चोचीतून ती आडवी सरकवत नेतो, बारीक बी वेगळं होतं आणि चोथा बाजूला पडतो. वीस मीटरवरून तुम्हाला दिसतं ते एवढंच, की एका ठिकाणची कांडी वारा नसताना हलते आहे. पहाटेनंतरचे दोन-तीन तास आणि दुपार कलल्यावर तो खाण्यात असतो. भर दुपारी सापडणं कठीण.

एकेकाळी मुख्य भूमीवर येणाऱ्या ओबीपींतला मोठा वाटा पोर्ट फिलिपच्या या किनाऱ्यावर आणि बेलरीनवर, लेक कोनेवेअर आणि स्वॉन बे इथे हिवाळा काढायचा. आता शंभरावर पक्षी निघाले तरी अख्ख्या हिवाळ्यात मुख्य भूमीवर हाती लागतात ते मूठभरच. बाकीचे कुठे बसतात? सॅटेलाइट टॅग लावा, असं सगळेच सुचवतात. नियम असा की टॅगचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून, शक्यतो तीन टक्क्यांहून कमी हवं. ४५ ग्रॅमच्या पोपटाला म्हणजे सव्वादोन ग्रॅम ही कमाल मर्यादा, आणि त्यातही तो समुद्र ओलांडणारा. छोटे रेडिओ टॅग लावून इथे सोडलेल्या पक्ष्यांचा माग काढतात, पण त्यांचा पल्ला तोकडा असतो आणि ऐकायला अँटेना घेऊन माणूस जवळ असावा लागतो. म्हणून अजूनही मुख्य साधन एकच: सॉल्टमार्शच्या कडेने चालणारी माणसं.

२०१७ पासून व्हिक्टोरियात एक प्रयोग चालला, तोही याच गोष्टीवर बेतलेला. पिंजऱ्यातले काही पोपट शरदात इथल्या सॉल्टमार्शमध्ये सोडायचे, म्हणजे मागाहून एकटी येणारी रानातली पिल्लं त्यांचा आवाज ऐकून उतरतील, थव्यात राहतील आणि वसंतात थव्यानेच परततील. वर लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी. काही महिन्यांचं पिल्लू एकटं असलं की ससाण्याच्या तोंडी लवकर जातं. चार जोड डोळे असले की वाचतं.

गणना बर्डलाइफ ऑस्ट्रेलियाच्या संयोजनाने होते. मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये एकेक ठरलेला शनिवार-रविवार. व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एकाच वेळी. नावनोंदणी आधी करावी लागते. ट्रीटमेंट प्लँटमध्ये एरवीही पक्षी पाहायला परवाना, सुरक्षेची माहिती आणि फाटकाची किल्ली लागते; गणनेच्या दिवशी प्रवेशाची व्यवस्था संयोजक करतात. कुंपण ओलांडून कोणीही जाऊ नये, हे मुद्दाम लिहितो, कारण फोटोसाठी असं करणारे सापडतात.

सोबत काय असावं? आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारी दुर्बीण. दहा पट असेल तर हात स्थिर हवा. गटात एक स्पॉटिंग स्कोप असला की पायातली कडी वाचता येते. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, कारण भरतीचं पाणी ग्लासवर्टच्या मुळांत साचलेलं असतं आणि ते वरून दिसत नाही. निघण्याआधी आणि परतल्यावर तळवे ब्रशने घासा. टॉल व्हीटग्रास हे परकं गवत बुटांना चिकटून पसरतं आणि एकदा घुसलं की सॉल्टमार्शच्या वरच्या कडेचं बी देणारं सगळं झाकून टाकतं. सप्टेंबरमध्ये ऊन निघालं की टायगर स्नेक बाहेर येतात. जाड पँट घाला आणि पाय कुठे पडतोय ते पाहा.

चालायची पद्धत अशी: तीन ते पाच जण, एकमेकांत वीस-तीस मीटर अंतर, वनस्पतींच्या मधोमध न जाता कडेकडेने. दहा पावलं, थांबा, ऐका, पुढचा पट्टा दुर्बिणीने चाळा, मग पुढची दहा. बोलणं खुणांनी. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आदल्या रात्री पाहून ठेवायचं. पक्षी उडाला तर त्याच्या मागे धावायचं नाही. तो बसला ती जागा लांबूनच हेरायची, पाच मिनिटं जाऊ द्यायची, मग हळू जवळ सरकायचं. दोनदा उडाला की तिसऱ्यांदा जायचं नाही. हिवाळ्यात त्याला दिवसभर खावं लागतं; प्रत्येक उड्डाण त्याच्या खात्यातून वजा होतं. आवाजाची टेप वाजवायची नाही, ड्रोन उडवायचा नाही.

आता ओळख. इथेच सर्वांत जास्त घोटाळे होतात. नावात केशरी पोट आहे म्हणून लोक पोट पाहतात, आणि नेमकं तेच फसवतं. ओबीपीच्या नर-मादी दोघांच्या पोटावर केशरी डाग असतो, मादीचा लहान. पण तो गवतात बसल्यावर दिसतच नाही. शिवाय ब्लू-विंग्ड पॅरट हा त्याचा सख्खा चुलता याच किनाऱ्यावर, याच वनस्पतींत, याच महिन्यांत असतो आणि त्याच्या काही नरांच्या पोटावरही केशरी झाक असते. एकदा ‘केशरी दिसलं’ म्हणून शिक्का मारला की नोंद बाद होते.

तेव्हा पोट सोडा आणि चेहरा पाहा. ब्लू-विंग्डचा रंग मळकट ऑलिव्ह हिरवा. ओबीपी पावसानंतरच्या कोवळ्या गवतासारखा लख्ख हिरवा. ब्लू-विंग्डच्या डोळा-चोचीमधला भाग ठळक पिवळा, ओबीपीचा हिरवट. कपाळावरची निळी पट्टी दोघांनाही असते, पण ओबीपीच्या पट्टीच्या वरच्या काठाला फिकट निळी रेघ असते, जवळून आणि चांगल्या उजेडात दिसणारी. बसलेल्या ब्लू-विंग्डच्या पंखावर गडद निळा रुंद पट्टा असतो. ओबीपीच्या पंखाला निळी किनार, अरुंद. तिसरा एलिगंट पॅरट, त्याची कपाळपट्टी डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. उन्हाळ्यातच जन्मलेली पिल्लं सगळ्यांचीच मळकी दिसतात. त्यांच्यावर एकट्याने निकाल देऊ नका. आणि आपल्या घरांसमोरच्या लॉनवर, क्रिकेटच्या मैदानावर जोडीने चरणारे हिरवे पोपट बहुधा रेड-रम्प्ड पॅरट असतात. ते गोड आहेत, पण ओबीपी नव्हेत.

खरा भरवसा आवाजाचा. घाबरून उडाला की ओबीपी भराभर ‘झिझिझिझि’ असा करवतीसारखा घासणारा आवाज काढतो. ब्लू-विंग्डचा आवाज मऊ, किणकिणता. रेकॉर्डिंग घरी ऐकून कान तयार करा. सॉल्टमार्शमध्ये शिकायला वेळ मिळत नाही, पक्षी दोन सेकंदांत शंभर मीटर लांब गेलेला असतो.

दिसलाच, तर नोंदीत काय हवं? वेळ, फोनवरून घेतलेलं नेमकं स्थान, संख्या, कोणत्या वनस्पतीवर होता, सोबत ब्लू-विंग्ड किती, वारा कसा, आणि पायातल्या कड्या. कड्या रंगीत असतात, त्यांवर अक्षर असतं. कोणता रंग आणि अक्षर कोणत्या पायात, हे महत्त्वाचं. आणि डावा-उजवा पाय पक्ष्याचा लिहायचा, आपल्या बाजूने दिसतो तो नव्हे. समोरून पाहताना ही गफलत हमखास होते आणि एका जिवंत पक्ष्याची नोंद दुसऱ्याच्या नावावर पडते. शंका असेल तर ‘शंका आहे’ असंच लिहा. कडी नसलेला पक्षी दिसला तर तेही लिहा, ती फार मोलाची बातमी असते. फोटो चेहऱ्याचा आणि पंखाचा बाजूने घ्या, धूसर असला तरी चालेल. तो थेट संयोजकांना पाठवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, फेसबुकवर जागेसकट टाकू नका. दुसऱ्या दिवशी वीस कॅमेरे तिथे उभे असतात आणि पोपट नसतो.

बहुतेक वेळा पान कोरंच राहील. चार तास चालून शून्य ओबीपी, अकरा ब्लू-विंग्ड, असा अहवाल आला की नवी माणसं खजील होतात आणि पाठवतच नाहीत. तो पाठवलाच पाहिजे. कुठे नाहीत हे कळल्याशिवाय कुठे शोधायचं ते ठरत नाही, आणि ब्लू-विंग्ड स्वतःही २०२३ पासून केंद्राच्या संकटग्रस्त यादीत आहे.

गणनेला येणं जमत नसेल त्यांच्यासाठी घरातलं काम. मांजर पाळलंय? तिसऱ्या महिन्यानंतर त्याची नोंदणी आणि चिप सक्तीची आहे, ते बहुतेकांनी केलेलं असतं. रात्री आत घेणं पुरेसं वाटतं, पण ओबीपी पहाटे आणि संध्याकाळी जमिनीलगत चरतो आणि मांजर त्याच वेळी शिकारीला निघतं. मांजर घरातच ठेवा किंवा जाळीची बंदिस्त पडवी करून द्या. इथे तिला ‘कॅटिओ’ म्हणतात आणि तिचे तयार संच मिळतात. पॉइंट कुक आणि वेरिबी साउथकडच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्यांसाठी हे अधिकच महत्त्वाचं, कारण तुमच्या मागच्या कुंपणापासून सॉल्टमार्श फार लांब नाही. कुत्र्याला किनाऱ्यावर पट्टा, आणि बंदीची पाटी असेल तिथे न्यायचंच नाही. ‘आमचा काही करत नाही’ हे खरं असेलही. पोपटाला ते माहीत नसतं, तो उडतोच.

पिंजऱ्यातले पक्षी हा जास्त नाजूक विषय. आपला गळ्यात लाल पट्टीचा पोपट भारतात पाळायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. इथे तोच ‘इंडियन रिंगनेक’ म्हणून दुकानात मिळतो आणि गावाची आठवण म्हणून आपल्या बऱ्याच घरांत येतो. पाळू नका असं म्हणत नाही. पण चोच-पिसांचा रोग पोपटवर्गातल्या बहुतेक जातींना होतो आणि विष्ठेतून, पिसांच्या धुळीतून पसरतो. हा विषाणू बाहेर फार काळ टिकतो. पिसं वेडीवाकडी येऊ लागली, गळू लागली, चोच ठिसूळ झाली, तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडून चाचणी करून घ्या. काहीही झालं तरी ‘मोकळा करून पुण्य मिळवू’ म्हणून सोडू नका. सुटून गेलाच तर लगेच कळवा. अंगणात रानपोपटांसाठी दाणे ठेवत असाल तर ती थाळी रोगाची चावडी होते. ठेवायचेच असतील तर रोज गरम पाण्याने धुवा, वाळवा आणि जुने दाणे कचऱ्यात टाका. न ठेवलेले उत्तम. फुलणारी देशी झुडपं लावा.

पाण्याचं सांगायचं तर असं. टारनीट-ट्रुगनिनाकडे जिथे गवताळ माळ होते तिथे आता छपरं आणि डांबर आहे. माळ पाऊस जिरवायचा. छपरं तो गटारात ढकलतात. ते गोडं पाणी स्केलेटन क्रीक, वेरिबी नदी अशा वाटांनी किनाऱ्यावर उतरतं. सॉल्टमार्शला खारेपणा हवा असतो. गोडं पाणी वाढलं की वरच्या अंगाने बोरू आणि पाणकणसं सरकू लागतात, ग्लासवर्ट मागे हटते. समोरून समुद्राची पातळी चढते आहे, मागे रस्ता किंवा बांध असतो, आणि पट्टा दोन्हीकडून दाबला जातो. पॉइंट कुकजवळच्या चीटम वेटलँड्समध्ये जुन्या मिठागरांच्या जागेवर काय वाचलं आणि बाजूला वसाहतीखाली काय गेलं, हे एका फेरीत दिसतं. छपराचं पाणी टाकीत घ्या, ड्राइव्ह-वे पूर्ण सिमेंटचा करू नका, गाडी गटारावर न धुता लॉनवर धुवा. आणि कौन्सिल नव्या वसाहतींच्या आराखड्यांवर हरकती मागवते तेव्हा एक ओळ विचारा: या वसाहतीचं पावसाचं पाणी सॉल्टमार्शच्या किती जवळ सुटणार आहे? किनारी सॉल्टमार्श २०१३ पासून केंद्राच्या यादीत संकटग्रस्त परिसंस्था म्हणून नोंदलेली आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

‘एका पोपटासाठी विकास अडवतात’ हे वाक्य आपल्या ग्रुपवर अधूनमधून येतं, त्याबद्दलही बोलून टाकतो. २००६ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री इयन कॅम्पबेल यांनी गिप्सलँडमधला बॉल्ड हिल्स पवनचक्की प्रकल्प ओबीपीच्या नावाने नाकारला. पात्यांना आपटून शेकडो वर्षांत एखादा पक्षी मरेल, असा अहवालातला अंदाज होता. देशभर टिंगल झाली आणि त्याच वर्षी निर्णय फिरला. त्याआधी नव्वदच्या दशकात रसायनांचा साठा जिलाँगजवळच्या पॉइंट लिलियासला हलवायचा वाद पेटला, तेव्हा व्हिक्टोरियाचे प्रीमियर जेफ केनेट यांनी या पोपटाला ‘ट्रम्प्ड-अप कोरेला’, म्हणजे उगाच मोठा केलेला साधा काकाकुवा, म्हणून हिणवलं. आमचं मत असं की पहिल्या प्रकरणात पोपट राजकारणासाठी वापरला गेला आणि दुसऱ्यात तो योग्य जागी आडवा आला. किनाऱ्यावरचा सॉल्टमार्श गेला तर त्याला दुसरीकडे हलवता येत नाही. प्रत्येक प्रकल्प वेगळा तपासावा. पण तपासायला नोंदी लागतात. पोपट कुठे असतो हेच ठाऊक नसेल तर त्याच्या नावाने काहीही खपवता येतं, दोन्ही बाजूंनी.

मंडळांना आमची मागणी नेमकी आहे. एक, मे आणि जुलैच्या गणनेची सूचना महिनाभर आधी सभासदांना पाठवा. दोन, दर मंडळातून निदान पाच जणांचा एक गट बनवा, ज्यात एक तरी अनुभवी पक्षीनिरीक्षक असेल. तो नसेल तर संयोजकांकडे नवख्यांना अनुभवी गटाला जोडून द्यायला सांगा. बारा वर्षांवरची मुलं चार तास न बोलता चालू शकत असतील तर जरूर आणा. त्यांचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात. तीन, मराठी शाळेच्या एका तासाला ओबीपी आणि ब्लू-विंग्डचे आवाज वाजवा. चौथी गोष्ट जरा अडचणीची आहे. सप्टेंबरची गणना पोपट परत निघण्याआधीची शेवटची संधी असते, आणि बऱ्याच वर्षी ती आपल्या गणेशोत्सवाच्या शनिवार-रविवारांवर येते. सार्वजनिक आरती, जेवण, सांस्कृतिक कार्यक्रम सगळं दुपारनंतर असतं. गणना सकाळी अकरापर्यंत संपते. हॉलचं बुकिंग करण्याआधी गणनेची तारीख विचारून घ्या आणि त्या दिवशी सकाळची स्वयंसेवकांची पाळी ज्यांना गमबूट घालायचे नाहीत त्यांच्याकडे द्या.

कळावे,

मेलबर्नच्या पश्चिमेकडचे काही मराठी पक्षीनिरीक्षक